पॅच लावला, पण काय लावलं?

मी पक्का कॉन्व्हेंटवाला. मराठीत चार ओळींचं पत्र लिहायचं म्हटलं तरी घाम फुटतो. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी काढल्या असतील. विचारांच्या चुका मात्र माझ्याच!

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री मी लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरवर पॅच लावले. परवानगी होती, पासवर्ड होता, आणि 'आपल्याला सगळं येतं' हा आत्मविश्वास तर होताच. सकाळी सबमिशनचा प्रोग्राम उघडेना. दारात अख्खा वर्ग उभा, आणि लॅबचे काका मला विचारतायत, "काय लावलंस? कशावर लावलंस? आता काढता येईल का?" मी फाडफाड सुरू झालो... डिपेन्डन्सी, व्हर्जन, कॉन्फ्लिक्ट, रोलबॅक. काका शांतपणे म्हणाले, "शब्द ऐकले रे. पण झालंय काय?"

मला सांगता येईना. मराठी कच्चं म्हणून नव्हे, तर मलाच कळलं नव्हतं म्हणून! दुपारी एका सीनियरने जुनं पॅकेज परत बसवलं आणि माझी सुटका झाली. पण काकांचे ते तीन प्रश्न डोक्यातून जाईनात. नंतर लक्षात आलं की युनिक्सच्या पॅचची सगळी परिभाषा म्हणजे याच प्रश्नांची उत्तरं आहेत.

पॅच म्हणजे ठिगळ. पंच कार्ड आणि कागदी टेपच्या जमान्यात चुकीच्या भोकावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉलने युनिक्सवर 'पॅच' नावाचा प्रोग्राम लिहिला. अख्खी फाइल पाठवायची गरज नाही, फक्त जुन्या-नव्यातला फरक पाठवा. तो जागेवर नेऊन लावायचं काम या प्रोग्रामचं.

आता काकांचा पहिला प्रश्न. काय लावलंस? सोलारिस १० पर्यंत प्रत्येक पॅचला सहा आकडी नंबर आणि पुढे दोन आकडी आवृत्ती असायची. नवी आवृत्ती जुनीला पोटात घेते, यालाच 'सुपरसीड' म्हणतात. हे का महत्त्वाचं, ते २०१४ च्या 'शेलशॉक'ने दाखवलं. बॅशमधलं हे भोक १९८९ पासूनचं! २४ सप्टेंबरला दुरुस्ती आली, आणि ती अपुरी असल्याचं लगेच उघडकीस आलं. मग आणखी पॅच आले. पहिलाच लावून जे 'झालं' म्हणाले, ते उघडेच राहिले.

दुसरा प्रश्न, कशावर लावलंस? ही झाली डिपेन्डन्सी. या पॅचला आधी कोणता पॅच, कोणती लायब्ररी लागते? आणि उलटही विचारायचं: जी लायब्ररी मी बदलतोय तिच्यावर आणखी कोण उभं आहे? मी नेमकं हेच विचारलं नव्हतं. विरलेल्या कापडाला ठिगळ घट्ट शिवलं की शेजारी फाटतं, तसं झालं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. काढता येईल का? एआयएक्समध्ये यासाठी सुंदर सोय आहे. दुरुस्ती नुसती 'अप्लाय' केली तर जुन्या फाइली जपून ठेवल्या जातात. नाही पटली तर 'रिजेक्ट' करा. 'कमिट' केलं की त्या जुन्या फाइली गेल्या, परतीची वाट बंद. आपण मात्र अप्लाय आणि कमिटची व्याख्या व्हायव्हाला पाठ म्हणतो आणि बाहेर येऊन विसरतो.

एक प्रश्न काकांनी विचारला नाही, तो माझा. पॅच खरंच लागला का? डिस्कवर फाइल बदलली म्हणजे काम झालं असं नाही. चालू कर्नल मेमरीत असतो, तो साधारणपणे रीबूट होईपर्यंत जुनाच राहतो. चालू प्रोग्रामही जुनीच लायब्ररी धरून बसतात.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या सर्व्हरसाठी एवढं काय? मग पळस्पे फाट्यावर उभे राहून कंटेनरचे ट्रेलर बघा. ते ज्या बंदराकडे जातात, त्या तेव्हाच्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या'ने ठप्प केलं. तिथे प्रश्न विंडोजचा होता, युनिक्सचा नाही. पण धडा तोच. ज्या भोकाचा या व्हायरसने फायदा घेतला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, म्हणून केवळ पॅचने सगळे वाचले असते असं नाही. पण साडेतीन महिने जगभर असंख्य मशीन तशीच उघडी होती. मर्स्कने आपल्या नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर सांगितला!

मित्र म्हणतात, "इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये असतो, मराठीत समजून काय करू?" मी पॅचला 'संगणकीय दुरुस्ती-संच' म्हणा असं मुळीच म्हणत नाही. शब्द पॅचच राहू दे, कमिट कमिटच राहू दे. पण ज्याला इंग्रजी शब्दांचा आधार नाही अशा माणसाला आपण काय केलं ते सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर एंटर दाबू नये. सर्व्हरवर उद्या ज्यांचं काम अडणार आहे, त्यांना उत्तर मागायचा हक्क आहे.

म्हणून लॅबमध्ये मी एक साधी वही टांगली आहे. रकाने चारच: काय लावलं, कशावर, काढायचं कसं, आणि लागलं का. लिहायचं मराठीत. पहिल्या पानावर माझी त्या रात्रीची चूक आहे. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, "हां, आता कळलं."

दुसरी नोंद तुमची असू दे!