प्रतिज्ञा मोडली, म्हणून माणूस टाकावा काय?



दि. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. ती प्रतिज्ञा घेऊन मोडणारे आपणांत आहेत, ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, अशा मनुष्याचे आपण काय करतो?

बहुधा एक तर आपण त्यास विहारात मागच्या रांगेत बसवतो, नाही तर बुद्धमूर्तीपुढे उभे करून ‘आजपासून बंद’ असे वदवून घेतो. पहिली गोष्ट निर्दयपणाची आहे. अंगुलिमालासारख्या खुन्यासही तथागतांनी संघात घेतले होते. दुसरी प्रसंगी जिवावर बेतते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत त्यास झटके येऊ शकतात, भास होतात, आणि उपचार न मिळाल्यास क्वचित मृत्यूही ओढवतो. यास्तव प्रतिज्ञेच्या आधी डॉक्टर पाहिजे. असे म्हटल्याने शीलाचा अवमान होतो असे ज्यांस वाटेल, त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

परंतु शरीर सावरले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. गटारात उतरणाऱ्या कामगारास विचारा. शुद्धीत राहून ती दुर्गंधी सोसवत नाही, असे पुष्कळ जण सांगतील. 2013 च्या कायद्याने गटारे व मैल्याच्या टाक्या यांच्या धोकादायक सफाईस माणसे लावण्यास मनाई केली, तरी माणसे उतरतात आणि मरतात. त्यास सकाळी समुपदेशन करावयाचे व रात्री त्याच नरकात पाठवावयाचे, ही थट्टा आहे. त्याचे काम, त्याचे कर्ज, त्याची धास्तावलेली मुले, यांचा विचार समुपदेशनात आलाच पाहिजे. पत्नीचा तर विशेष. व्यसन हा आजार असला तरी मारहाण त्यामुळे माफ होत नाही, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण तिला आहेच. पुण्यास 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणात कुटुंबीयांस उपचारात सामील करून घेतात व व्यसनातून सुटलेली माणसेच तेथे कार्यकर्ते होतात. आपल्या विहारांनी हे पाहून यावे.

आता कायद्याची बाजू. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या व्याख्येत मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था समाविष्ट आहेत. म्हणजे अशा रुग्णास शासकीय उपचार मागण्याचा हक्क आहे, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. त्यास साखळीने बांधणे कलम 95 अन्वये निषिद्ध आहे; ‘सुधारणे’च्या नावाखाली कोंडून मारणाऱ्या केंद्रांत नातलगांस पाठविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. अशा वेळी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे रुग्ण स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही अर्ज करू शकते. त्या अर्जास फी पडत नाही.