तळ्यात ओतलेले अँटिबायोटिक

कोई माशाच्या अंगावर लालसर व्रण दिसला, चार खवले उचकटलेले दिसले, की पाळणाऱ्याचा जीव कासावीस होतो आणि तो औषधाच्या दुकानाकडे धावतो. टेट्रासायक्लीनच्या नाहीतर अमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल आणायच्या, फोडून पावडर तळ्यात टाकायची आणि दुसऱ्या दिवशी मासा खायला येतो का ते बघायचे, ही रीत हौशी मत्स्यपालकांत सर्रास आढळते. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. चांगल्या देखभालीत कोई वीस-पंचवीस वर्षे जगतो, हातातून खाणे घेतो, घरातलाच एक होतो. तरीही ही रीत थांबली पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण तिने बहुतेक वेळा मासा वाचत नाही आणि माणसांच्या उपचारासाठी जपायची औषधे मात्र हकनाक बोथट होतात.

हे का, ते समजण्यासाठी जयपूरच्या दक्षिणेचे प्रताप नगर डोळ्यांसमोर ठेवू. सांगानेर भागात राजस्थान हाउसिंग बोर्डाने वसवलेली ही मोठी वसाहत. हवामान टोकाचे. जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचे अंतर पडते. अंगणातला सिमेंटचा उथळ हौद या चढउतारांपासून माशाला फारसा वाचवू शकत नाही. कोई ही मुळात कार्प जातीची, थंडी सोसणारी जात. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात तिचे रंग निवडले गेले आणि १९१४ च्या तोक्योतील प्रदर्शनानंतर ती जगाला ठाऊक झाली. बर्फाखालच्या तळ्यातही ती जगते, पण पाणी बारा-तेरा अंशांच्या खाली गेले की तिची प्रतिकारशक्ती जवळजवळ झोपी जाते. हिवाळा सरताना पाणी तापू लागते तेव्हा जिवाणू लगेच कामाला लागतात, माशाची प्रतिकारशक्ती मात्र सावकाश जागी होते. कोईच्या अंगावरचे व्रण वर्षाच्या याच तुकड्यात सर्वांत जास्त का दिसतात, याचे उत्तर या दरम्यानच्या काळात आहे.

हे जिवाणू बाहेरून आलेले पाहुणे नव्हेत. व्रणांमागचा मुख्य आरोपी एरोमोनास हा गोड्या पाण्याचा कायमचा रहिवासी. निरोगी माशाच्या आतड्यात, तळाच्या गाळात, फिल्टरच्या स्पंजात तो असतोच. स्यूडोमोनासही तसाच. धडधाकट कोईच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना आत शिरू देत नाही. हा थर कुठेतरी फाटतो तेव्हा आजार सुरू होतो. माशाच्या उवा चावतात, कल्ल्यांना आणि कातडीला चिकटणारे सूक्ष्म कृमी ओरखडे काढतात, जाळ्याने पकडताना खवले निघतात, नाहीतर अमोनियाने कातडी होरपळते. म्हणून व्रणात सापडलेला जिवाणू हा बहुधा शेवटचा आलेला असतो. त्याला मारून आधीचे कारण तसेच ठेवले, तर पंधरा दिवसांनी दुसरा मासा व्रण घेऊन वर येतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळ्या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. जयपूरला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी मिळते. ते क्लोरीन घातलेले असते आणि क्लोरीन न काढता तळ्यात सोडले तर कल्ले भाजतात. जिथे नळ पुरत नाही तिथे बोअर, आणि तिकडच्या भूजलात क्षार भरपूर. उन्हाळ्यात लू वाहू लागली की हौदाचे पाणी भराभर उडते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यावर पुन्हा बोअरचे पाणी भरले की दर आठवड्याला क्षार चढत जातात आणि सामूही वर सरकतो. माशाच्या उत्सर्जनातून येणारा अमोनिया किती विषारी ठरणार हे या सामूवर ठरते. पंचवीस अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला सुमारे पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे टेस्ट किटवर दिसणारा तोच आकडा एका तळ्यात निरुपद्रवी आणि दुसऱ्यात जीवघेणा. त्यात प्राणवायूची भर घाला. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच्या आत. सोलापूर, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथे बोअरवर तळी भरणाऱ्यांनाही हे गणित लागू आहे. सामू, अमोनिया, नायट्राइट आणि तापमान मोजल्याशिवाय औषधाचा विचारच करू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

अशा पाण्यात कॅप्सूल फोडून टाकली तर काय होते? टेट्रासायक्लीन गटातली औषधे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट बांधली जातात. क्षारांच्या पाण्यात त्यांचा मोठा भाग माशाच्या अंगात शिरतच नाही. उन्हात त्यांचे विघटनही होते. अमॉक्सिसिलीन आणि तिची बहीण अँपिसिलीन यांना तर एरोमोनास जन्मतःच दाद देत नाही. त्यांना निकामी करणारी विकरे त्याच्याकडे निसर्गतः आहेत. आजारी माशाच्या रक्तात पोचायला हवे तेवढे औषध या मार्गाने पोचत नाही, पण फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंना मात्र ते गाठते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारी ही वसाहत तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. ती कोलमडली की अमोनिया उसळतो, म्हणजे ज्या कारणाने कातडी फाटली तेच कारण उपचाराने वाढवून ठेवले. चौथ्या दिवशी मासे मरतात आणि मालक म्हणतो, डोस कमी पडला. मग तो दुप्पट टाकतो.

नुकसान हौदाच्या कठड्यापाशी थांबले असते, तर वर्तमानपत्रात या विषयाला जागा मागण्याचे कारण नव्हते. शोभिवंत माशांच्या व्यापारात अँटिबायोटिकचा वापर किती मुरला आहे याचा पुरावा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. आयात झालेले मासे आणि त्यांच्या पिशव्यांतले पाणी यांतून मिळालेल्या एरोमोनासच्या ९४ नमुन्यांपैकी ४७ नमुने पंधरा किंवा त्याहून अधिक अँटिबायोटिकना पुरून उरले. जिवाणू ही ताकद स्वतःपुरती ठेवत नाहीत, जनुकांचे तुकडे दुसऱ्या जातींना देतात. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले अखेरचे औषध. त्याला निष्प्रभ करणारे एमसीआर-३ हे जनुक २०१७ मध्ये डुकराच्या ई. कोलाय जिवाणूत नोंदले गेले, तेव्हा त्याचे एरोमोनासमधल्या जनुकांशी जवळचे साम्य आढळले. पाण्यातला हा साधा रहिवासी म्हणजे प्रतिरोधाची कोठी आहे, आणि आपण तिच्यात दाणे भरतो आहोत. प्रताप नगरच्या बाजूने वाहणारे सांडपाणी द्रव्यवती नदीच्या, म्हणजे जुन्या अमानीशाह नाल्याच्या खोऱ्यात जाते. त्या नाल्याच्या पाण्यावर सांगानेरकडच्या शेतांत भाजीपाला पिकल्याच्या नोंदी आहेत. आणि याच प्रताप नगरात, कुंभा मार्गावर, राजस्थानचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एकाच वसाहतीत एकीकडे डॉक्टर घडतात आणि दुसरीकडे त्यांची हत्यारे हौदात विरघळतात, हे मला अस्वस्थ करते. २०१९ या एका वर्षात प्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गाने थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजार आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रमाणाचा. कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि माणसांच्या दवाखान्यांत जे औषध जाते त्यापुढे हौशी लोकांच्या दहा-वीस कॅप्सूल म्हणजे काय? टनांच्या हिशेबात आक्षेप खरा आहे. पण प्रतिरोध केवळ टनांवर ठरत नाही. कमी मात्रेत, अर्धवट दिवस, जिवाणूंनी गच्च भरलेल्या साचलेल्या पाण्यात औषध सोडणे ही प्रतिरोधक जिवाणू निवडण्याची जवळजवळ आदर्श स्थिती आहे. शिवाय कोंबडीवर आणि कोळंबीवर निदान नियम तरी आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान खाण्याच्या माशांच्या उत्पादनात निषिद्ध आहेत, कोलिस्टिनवर जुलै २०१९ मध्ये बंदी आली. या सगळ्यांचा रोख अन्नावर आहे. जो मासा ताटात जात नाही तो या चौकटीतून निसटतो. अमेरिकेत हीच फट होती. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये शोभिवंत मासे आणि पाळीव पक्ष्यांसाठी विनामंजुरी अँटिबायोटिक विकणाऱ्या नऊ उत्पादक-वितरकांना ताकीदपत्रे पाठवली. आपल्याकडे नवा कायदा करण्याचीही गरज नाही. अमॉक्सिसिलीन आणि टेट्रासायक्लीन अनुसूची एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. केरळने जानेवारी २०२४ मध्ये बिनचिठ्ठीच्या विक्रीविरुद्ध ‘ऑपरेशन अमृत’ ही मोहीम उघडली. महाराष्ट्र आणि राजस्थान यांनी तसे करायला अडचण कोणती?

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे आणि त्याला मी हलके लेखत नाही. व्रणातला नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, जिवाणू वाढवायचे, कोणते औषध लागू पडते ते तपासायचे, यात दोन-तीन दिवस जातात. तोवर मासा मेला तर? उत्तर असे की हे दिवस रिकामे बसण्याचे नसतात, आणि खरा उपचार याच दिवसांत होतो. मासा वेगळ्या टाकीत घ्यावा, हवेचा पंप चालू ठेवावा. तळ्यातले चौथाई पाणी क्लोरीन काढून बदलावे, खाणे थांबवावे म्हणजे अमोनिया कमी होईल. कातडीचा किंचित खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघून कृमी किंवा उवा असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा. टाकीत लिटरमागे तीन ग्रॅमपर्यंत जाडे मीठ घातले तर व्रणातून अंगात घुसणाऱ्या पाण्याचा ताण हलका होतो. मात्र बोअरच्या पाण्यात आधीच क्षार किती आहेत ते मोजूनच. तापमान चोवीस-पंचवीस अंशांवर स्थिर ठेवले की माशाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. व्रण जाणकाराने स्वच्छ करून पोव्हिडोन आयोडीनने पुसावा. लहान व्रण पुष्कळदा एवढ्यावर भरून येतात. पोट फुगलेला, खवले ताठ झालेला मासा हा वेगळा. त्याला अँटिबायोटिक लागते, पण तेही पशुवैद्याने टोचलेले, नाहीतर खात असेल तर खाद्यातून दिलेले. त्या गंभीर माशासाठीच तर औषध धारदार राहायला हवे. आणि प्रत्येक व्रण, प्रत्येक मरतूक जिवाणूंचीच असते असेही नाही. कार्प एडिमासारखे विषाणू भारतातल्या कोईंत सापडलेले आहेत आणि त्यांच्यापुढे कोणतेही अँटिबायोटिक कामाचे नाही.

‘आमच्या तळ्यात तर कॅप्सूलने मासे बरे झाले’ असे अनुभवी मंडळी सांगतात. बरे झाले असतील. पण त्याच आठवड्यात त्यांनी पाणीही बदललेले असते, खाणेही कमी केलेले असते, ऊनही वाढलेले असते. श्रेय कॅप्सूलला मिळते, कारण तिच्यासाठी पैसे मोजलेले असतात.

सर्वांत अवघड आक्षेप तिसरा: दाखवायचे कोणाला? इथे दोष पाळणाऱ्याचा नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे औषधाची चिठ्ठी नोंदणीकृत पशुवैद्य देतो, आणि गाय, कुत्रा, मांजर यांच्यात मुरलेल्या या पशुवैद्यांपैकी माशाला हात लावलेले थोडेच. ज्यांचा माशांच्या रोगांचा अभ्यास असतो ते मत्स्यविज्ञानाचे पदवीधर चिठ्ठी लिहू शकत नाहीत. या दोन खोल्यांच्या मधली भिंत पाडण्याइतकी माणसे आणि संस्था आपल्याकडे आहेत. वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ पासून उभी आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालये आहेत. राजस्थानात उदयपूरला आहे आणि खुद्द जयपूरच्या जामडोलीत पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. माशांच्या रोगांवर देशव्यापी पाळत २०१३ पासून चालू आहे, लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो तिची सूत्रे सांभाळतो आणि २०२३ मध्ये रोग कळवण्यासाठी अ‍ॅपही आले. हे सगळे मत्स्यशेती करणाऱ्यांसाठी आहे. घरच्या हौदाचा मालक तिथे मोजला जात नाही, म्हणून तो मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो.

त्याला मोजायचे तर फार मोठा खर्च नको. या महाविद्यालयांनी आठवड्यातला एक दिवस शोभिवंत माशांचा ठेवावा, मत्स्यतज्ज्ञाने निदान करावे, शेजारी बसलेल्या पशुवैद्याने गरज असेल तरच चिठ्ठी लिहावी. व्रणाचा नमुना कसा घ्यायचा आणि बर्फावर कसा पाठवायचा हे एका पानात छापून कुर्ल्याच्या मासे बाजारापासून जयपूरच्या दुकानांपर्यंत लावावे. परवाना तपासायला जाणाऱ्या औषध निरीक्षकाने मत्स्यालयाच्या दुकानातली बिनलेबलची पिवळी पावडरही उचलून विचारावी, हे काय आहे. आणि ही सोय फेब्रुवारीच्या आत सुरू व्हावी, कारण पाणी तापायला लागते ते तेव्हा.