लातूर पॅटर्नचा दुसरा टप्पा

मराठवाड्यात दिवाळी येते ती सोयाबीनच्या राशी आडतीवर उतरण्याच्या दिवसांत, आणि त्याच दिवसांत पुण्याला व हैदराबादेला कामधंद्यासाठी गेलेली मुले सणाला गावी परततात. शेतमाल आणि तरुण मनुष्यबळ ही नांदेड व लातूर या जिल्ह्यांची खरी संपत्ती असून त्या दोहोंचेही चीज बहुतांशी परमुलखात होते, ही वस्तुस्थिती येथील शिक्षणाने आता विचारात घेतली पाहिजे. रोजगारक्षमता म्हणजे काम मिळवण्याची, मिळालेले काम टिकवण्याची आणि कामाचे स्वरूप बदलले तरी नवे शिकून उभे राहण्याची ताकद. ती या भागातील तरुणांत कशी रुजवावी, हा प्रश्न यंदाच्या दिवाळी अंकाने वाचकांपुढे ठेवला आहे.

या प्रदेशाची शैक्षणिक परंपरा लहान नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९९४ साली स्वामीजींच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याआधी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेलेली अध्यापनपद्धती त्याच महाविद्यालयात घडली. वेळेआधी अभ्यासक्रम पूर्ण करणे, सराव परीक्षांची अखंड मालिका, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे शंकानिरसन आणि प्राध्यापकांची विद्यार्थ्यांवर सतत नजर, एवढ्या साध्या गोष्टींवर ती उभी होती. खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेला मुलगाही कसून शिकवल्यास राज्यात कोणाच्याही मागे राहत नाही, हे तिने सिद्ध केले आणि मागासलेपणाचा शिक्का बसलेल्या प्रदेशाला आत्मविश्वास दिला.

हे यश मोठे असले तरी त्याची वाट कालांतराने अरुंद होऊन मुख्यतः वैद्यकीय प्रवेशाकडे वळली. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, तर एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे बहुसंख्य मुलांना दुसरी वाट धरावी लागणार, हे आधीच ठरलेले असते. तरीही त्यांचे शिक्षण त्या एकाच परीक्षेच्या मापाने बेतले जाते. व्हर्नियर कॅलिपरचे उदाहरण बोलके आहे. अकरावीचा विद्यार्थी त्याचे लघुतम माप, म्हणजे त्या उपकरणाने मोजता येणारी सर्वांत लहान लांबी, आणि त्याची शून्य त्रुटी कागदावर झटपट काढतो. पण तेच उपकरण आयटीआयमधला जोडारी, म्हणजे फिटर, रोज हातात धरतो, आणि माप चुकले तर तयार भाग वाया जातो, हे तो अनुभवाने शिकतो. एकाला गणित येते आणि दुसऱ्याला हात चालवता येतो. या दोघांचे ज्ञान एकाच विद्यार्थ्यात आणणे हे खरे शैक्षणिक काम आहे.

त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा या जिल्ह्यांत घरापाशीच आहे. आडतीवर सोयाबीनचा भाव हवा, माती आणि डागी या तीन गोष्टींवर ठरतो. हवा म्हणजे दाण्यातील ओलावा, माती म्हणजे काडीकचरा आणि डागी म्हणजे खराब दाणे. दाण्यात तेल साधारण १८ ते २० टक्के असते आणि घाण्याने ते पुरते निघत नाही, म्हणून कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकात ते विरघळवून वेगळे काढतात व उरलेली प्रथिनयुक्त पेंड पशुखाद्यासाठी विकतात. ओलाव्याचे मोजमाप, द्रावक परत मिळवणे, तेलाची शुद्धता तपासणे हा सारा बीएस्सीच्या रसायनशास्त्राचाच विषय आहे; परंतु पदवीधराने एकही तेलगिरणी आतून पाहिलेली नसेल, तर त्याची पदवी आणि गावातला उद्योग एकमेकांना अनोळखी राहतात. लातूरजवळ हरंगुळ येथे उभ्या राहिलेल्या रेल्वे डबे कारखान्यात २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला; अशा कारखान्याला लागणारा संधाता, म्हणजे वेल्डर, वरून देखणा दिसणारा सांधा आतून पोकळ राहू शकतो हे जाणणारा असावा लागतो, आणि ती जाण धातुविज्ञान शिकूनच येते.

कायद्याची आणि धोरणाची चौकट यासाठी उपलब्ध आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील तरतुदींनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात कार्यांतर्गत प्रशिक्षणाला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घेतलेल्या शिक्षणाला, श्रेयांक दिले आहेत. धोका आहे तो ही तरतूद प्रमाणपत्राच्या कागदापुरती उरण्याचा. ज्या काटेकोरपणाने सराव परीक्षा घेतल्या गेल्या, त्याच काटेकोरपणाने प्रशिक्षणार्थीने काय केले, कुठे चुकला आणि ती चूक दुरुस्त झाली का, हे प्राध्यापक व कारखान्यातील वस्ताद यांनी मिळून तपासले, तरच त्या श्रेयांकांना अर्थ येईल.

लातूर पॅटर्नचा दुसरा टप्पा हाच असू शकतो. त्यासाठी आयटीआय आणि तंत्रनिकेतन ही ‘गुण कमी पडलेल्यांची’ जागा आहे हा समज पालकांनी सोडला पाहिजे, उत्तम शिक्षक तिथेही नेमले गेले पाहिजेत आणि आडत, गिरणी व कारखाना चालवणाऱ्यांनी महाविद्यालयांसाठी आपली दारे उघडली पाहिजेत. गावाबाहेर जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण जाणाऱ्याने हातात कसब घेऊन जावे आणि राहणाऱ्याला राहण्याजोगे काम मिळावे, एवढी हमी शिक्षणाने द्यावी. नांदेड-लातूरच्या शिक्षकांनी एकदा अशक्य वाटणारे काम करून दाखवले आहे. दुसऱ्यांदा ते त्यांच्याच हातून घडेल, या विश्वासाने हा अंक वाचकांच्या हाती सोपवत आहोत.