आठ बाय चारचं घर, त्याला रस्ता नाही

प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते. एका माणसाला घरी बनवता येईल अशा फिरत्या घराचं सगळं डिझाइन या मापावर उभं आहे. पण ते आपल्याकडे कुणी अंगणात बनवलं, तर कायद्यानं रस्त्यावर आणायची सरळ वाट नाही. माझं भांडण त्याबद्दल आहे.

१९३०च्या दशकात अमेरिकेत 'टीअरड्रॉप' ट्रेलर आले. थेंबासारखे: पुढून गोल, मागे निमुळते. १९४७मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकानं असा ट्रेलर घरी बनवण्याचे नकाशे छापले. गणित सोपं आहे. एकेका शीटमधून एकेक बाजू कापायची. आत चार फूट रुंद गादी, दोघांपुरती. झोपायला साडेसहा फूट सोडले की मागे दीड फूट उरतो. तिथे स्वयंपाकाचा कप्पा. त्याचं झाकण बिजागरीवर वर उचललं की तेच डोक्यावरचं छप्पर. स्टोव्ह बाहेरच पेटवायचा, कारण बंद खोक्यात पेटलेला स्टोव्ह जीव घेऊ शकतो. आत उभं राहता येत नाही, संडास नाही. म्हणूनच तो साध्या छोट्या गाडीमागे जाऊ शकतो. रील्समधल्या लाखोंच्या व्हॅन बघून 'आपल्याला कुठे परवडणार' म्हणणाऱ्यांनी हा नकाशा एकदा बघावा.

'घरी बनवलेलं म्हणजे जुगाड' असं म्हणणाऱ्यांना मात्र हे कळत नाही की इथे शिस्त लागते. वजन चाकांच्या मागे जास्त झालं की ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलतो आणि पुढच्या गाडीलाही फरफटत नेतो. म्हणून एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, असा अमेरिकेत रुळलेला ठोकताळा आहे. ४०० किलोच्या ट्रेलरला ४० ते ६० किलो. हे घरातल्या वजनकाट्यावरसुद्धा मोजता येतं. पाण्याचा कॅन कुठे ठेवायचा, हा प्रश्न इथे सजावटीचा उरत नाही.

आता आपला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च, इंजिन नसलं तरी. म्हणजे नोंदणी आली. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ क्रमांकाचा नियम सांगतो की उत्पादकानं वाहनाचा नमुना चाचणीसाठी मान्यताप्राप्त संस्थेकडे द्यावा. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. शेकड्यांनी वाहनं काढणाऱ्या कारखान्याला हे रास्त आहे. पण ज्याला आयुष्यात एकच ट्रेलर बनवायचा आहे, त्याचा नमुनाही तोच आणि माल तोच. त्यानं कारखान्याएवढा व्याप कसा करायचा?

२०२१मध्ये महाराष्ट्रानं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. चांगलं केलं. पण त्याचा रोख पर्यटन व्यवसायाकडे आहे. भाड्यानं कॅराव्हॅन देणाऱ्याचा विचार झाला, स्वतः बनवणाऱ्याचा नाही. गिऱ्हाईक व्हा, कारागीर होऊ नका, असाच त्याचा अर्थ निघतो.

यावर आक्षेप येणार: 'आपले रस्ते बघा, त्यात ही खोकी कशाला?' आक्षेप खोटा नाही. ऊस हंगामात रात्री दिवे-रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांवर गाड्या आदळून माणसं मरतात. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तालुक्यातालुक्यांत फॅब्रिकेशनच्या दुकानांत ट्रॉल्या जोडल्या जातात, म्हणजे हात आहेत आणि कौशल्यही आहे. कमी पडते ती रस्त्यावरची तपासणी. दार बंद ठेवल्यानं बनवणारे थांबत नाहीत, फक्त न तपासता बनवतात.

मागणी छोटी आहे. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरचा वेगळा हलका वर्ग आहे आणि त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत घरी बनवलेल्या ट्रेलरची नोंदणी करता येते. आपल्याकडेही आरटीओत एकेका ट्रेलरची तपासणी होऊ द्या. वजन करा, हुकावरचा भार मोजा, सुरक्षेची साखळी ओढून बघा, दिवे, रिफ्लेक्टर, वेल्डिंग तपासा. वेगाची मर्यादा घाला, फी घ्या. नापास असेल तर बेलाशक परत पाठवा, पण काय चुकलं ते लिहून द्या.

आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेल्या पोरीला आज दुसऱ्याच्या ट्रॉलीचा सांधा जोडायची मुभा आहे. स्वतःच्या कल्पनेला चाकं लावायची नाही. सहलीचं सुख हा इथे दुय्यम मुद्दा आहे. आपण तरुणांना फक्त विकत घ्यायला शिकवणार की बनवायलाही, हा खरा प्रश्न आहे.

तोवर नियम मोडून ट्रेलर महामार्गावर आणू नका. पण नकाशा काढा, पुठ्ठ्याचं मॉडेल करा, वजनाचा हिशोब मांडा. आणि तो कागद घेऊन आरटीओच्या खिडकीवर जा, विचारा: याला पास करायचं तर काय लागेल? उत्तर लेखी मागा.