काळ्या पाषाणातली तांबडी नोंद

तळेगावात कुठल्याही सोसायटीत बोअरची गाडी आली की चार माणसं हमखास भोवती उभी राहतात. आधी मुरूम निघतो, मग काळी भुकटी. ती मध्येच तांबडी झाली की बोअरवाल्याच्या कपाळाला आठी पडते. तांबडी माती भोकात ढासळते, केसिंग वाढतं, बिलही वाढतं. आपल्या लेखी हा थर म्हणजे नसता खर्च. पण आपल्या पायाखालचा पाषाण कधी ओतला गेला, याची अतिशय नेमकी साक्ष याच तांबड्या थरांनी दिली आहे. आणि आपण त्यातली चिमूटभर मातीही जपून ठेवत नाही.

हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्ह्याचा एक ओघ थंड झाला आणि दुसरा यायला वेळ लागला, की मधल्या काळात खालच्या दगडाची वरची बाजू झिजून तांबडी माती व्हायची. दूरच्या स्फोटक ज्वालामुखींची राख उडत येऊन तिच्यावर बसायची. या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, झिरकॉन हा स्फटिक सहसा सापडत नाही, या राखेत मात्र तो असतो. कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. हा स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. म्हणजे आज आत जे शिसं सापडतं, ते युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. युरेनियमही दोन प्रकारचं: एक निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याला ७० कोटी. दोन्ही हिशेब जुळले तरच वय पक्कं.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी घाटांतल्या तांबड्या थरांतून असे कण वेचले. त्या चमूत अमरावती विद्यापीठाचे सय्यद खद्रीही होते. २०१५ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग सुमारे साडेसात लाख वर्षांत बाहेर पडला, आणि त्याची सुरुवात डायनासोरांच्या अंतापूर्वी, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या घटनेच्या अडीच लाख वर्षं आधी झाली. २०१९ मध्ये त्याच चमूने म्हटलं की लाव्हा चार मोठ्या लाटांत आला. त्याच वेळी बर्कलीच्या चमूने दगडातल्या फेल्डस्पार या खनिजावर आर्गॉनची पद्धत वापरली आणि बहुतेक लाव्हा त्या अंतानंतरचा ठरवला. हा वाद मिटायचा तर जास्त थरांतले जास्त नमुने हवेत. जगभरचे अभ्यासक लाव्ह्याच्या एका गटाला ‘लोणावळा उपसमूह’ म्हणतात, त्यातल्या एका थराचं नाव ‘खंडाळा’ आहे. असा या वादातला पुरावा आपल्या दाराशीच आहे.

जिथे वालुकाश्म आहे, तिथे हेच कण खंडांच्या टकरी सांगतात. आठवडे बाजारात बोलण्याच्या ढबीवरून माणूस पवन मावळातला की आंदर मावळातला हे जाणत्याला कळतं. एक दिवस घाटाखालची ढब ऐकू आली, तर तिकडची वाट खुली झाली असं समजावं. वाळूतल्या झिरकॉनचंही तसंच आहे. तिबेटमधल्या सांगदानलिनच्या थरांत खालच्या भागात भारताकडचे कण आहेत. मग अचानक आशियाकडच्या ज्वालामुखींचे तरुण कण येऊ लागतात. मधला समुद्र मिटला होता. ही घटना सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वीची, असं २०१५ मध्ये तिथे काम केलेल्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे मावळचा पाषाण ओतला गेल्यावर जेमतेम ७० लाख वर्षांत आपली भूमी आशियाला जाऊन भिडली. कार्ल्या-भाज्याची लेणी ज्या दगडात कोरली, तो दगड हिमालयाहून वडील आहे.

त्याआधीच्या टकरींची पानं मावळात या पाषाणाखाली गाडलेली आहेत. चंद्रपूरकडे जुना वालुकाश्म उघड्यावर दिसतो, इकडे तो असलाच तर भोक पाडल्याशिवाय हाती लागत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळ लागला आणि मग ग्रॅनाइटी खडक. कोयनेला ९०० मीटरहून जास्त बेसॉल्टखाली थेट तसाच जुना खडक. एवढ्याशा पानासाठी एवढं खोल जावं लागतं, म्हणून प्रत्येक खोल भोकाला मोल आहे.

आणि मावळात भोकं पाडणं, डोंगर कापणं तर रोज चालू आहे. एक्स्प्रेसवे झाला, त्याच्या मिसिंग लिंकचे बोगदे डोंगराच्या पोटातून गेले, क्रशर धडधडताहेत. २०१५ मध्ये घाटात दरडी कोसळल्यावर कापलेल्या कड्यांवर जाळ्या आल्या. जाळी नको, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण जाळी आणि काँक्रीटचा लेप चढण्याआधी तो कडा कोणी वाचला का? बोगद्याआधी भोकं पाडून काढलेल्या दगडी कांड्या खोक्यांत लावून ठेवतात. काम संपल्यावर त्या कुठे जातात, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनी थर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले, याचा आनंदच आहे. पण पठारावरून देखावा दिसतो. थर वाचायला मिळतात ते ताज्या कापलेल्या कड्यात.

कोणी म्हणेल, दगडाच्या तारखेनं कोणाचं पोट भरतं? ठीक, तारीख बाजूला ठेवू. घाटात पाणी कुठे झिरपतं, कडा कुठून सुटू शकतो, बोअरमध्ये केसिंग किती फूट लागेल, या तिन्ही प्रश्नांत तांबडा थर किती खोलीवर आहे हे कळलं तर फायदाच आहे. शास्त्रज्ञाला हवी ती नोंद आणि बोअरवाल्याला हवी ती नोंद एकच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. घाटातल्या आणि बोगद्याच्या प्रत्येक निविदेत एक कलम वाढवा: कापलेल्या कड्याचे फोटो आणि थरांची मोजमापं जाळीआधी घ्यावीत, प्रत्येक तांबड्या थराची एक गोणी उंची-ठिकाणाच्या चिठ्ठीसह बांधावी, आणि दगडी कांड्यांसह ती पुण्यातल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ताब्यात द्यावी. कोट्यवधींच्या कामात हा खर्च कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. कलम नसेल तर मात्र कंत्राटदार ती माती भरावात टाकणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. कारण आपण ती मागितलीच नव्हती.