परीक्षानळीतली तडतड

दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात एक छोटा प्रयोग आहे: परीक्षानळीत सुमारे २ ग्रॅम लेड नायट्रेट घ्या आणि ज्योतीवर धरा. पांढरी पूड फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडते, मग नळीच्या तोंडातून तांबूस-तपकिरी धूर निघू लागतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याच्यासोबत ऑक्सिजनही येतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. धुमसती काडी आत धरली की भडकते आणि त्याची साक्ष देते. नळी थंड झाल्यावर तळाशी पिवळे लेड ऑक्साइड उरते. अपघटन पूर्ण झाले, तर २ ग्रॅममधले साधारण १.३५ ग्रॅम. उरलेले वजन वायू होऊन उडाले, हे मूल स्वतः तोलून पाहते तेव्हा समीकरण पाठ करावे लागत नाही. मात्र हा धूर फुप्फुसांना घातक आहे आणि शिसे विषारी. म्हणून खिडक्या उघडा, नळीचे तोंड कोणाकडे रोखू नका, हात साबणाने धुवा, उरलेली पूड बेसिनमध्ये ओतू नका. शिक्षकांनो, एवढी काळजी घ्या. पण हा प्रयोग फक्त फळ्यावर उरकू नका.