अडवलेल्या रिक्षाचे भाडे कोण देणार?

३ ऑक्टोबर २०१६. जर्मनीतल्या एसेन शहरात सार्वजनिक सुट्टी होती. एका बँकेच्या एटीएम दालनात ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ कोसळले. नंतर आलेल्या चार ग्राहकांनी आपापले व्यवहार उरकले. कुणी त्यांना वळसा घालून गेले, कुणी चक्क ओलांडून. पाचव्याने फोन केला. आठवडाभरात गृहस्थ वारले. सीसीटीव्हीवरून चौघांचा छडा लागला आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी तिघांना न्यायालयाने २,४०० ते ३,६०० युरो दंड ठोठावला. ‘कुणी बेघर झोपलाय असं वाटलं’ हा बचाव टिकला नाही. लवकर मदत मिळती तरी ते वाचले नसते, असे तज्ज्ञाने सांगितले होते. तरी दंड झालाच. ते गृहस्थ कशाने गेले याच्याशी खटल्याचा संबंध नव्हता. तिघे थांबले नाहीत, एवढाच आरोप होता आणि तेवढाच सिद्ध झाला.

याच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, पश्चिम दिल्लीत रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका रखवालदाराला पहाटे टेम्पोने उडवले. चालक उतरला, बघितले, निघून गेला. जखमी माणूस तासाहून जास्त वेळ रस्त्याच्या कडेला पडून होता. माणसे गेली, वाहने गेली. एक जण थांबला. तो पडलेला मोबाइल उचलून चालता झाला. हेही सीसीटीव्हीत आहे. आपल्या कायद्याच्या हिशेबाने त्या रस्त्यावर टेम्पोचालक दोषी आणि मोबाइलचोर दोषी. बाकी सगळे निर्दोष.

तर मग असा कायदा आपल्याकडेही हवा का? अनोळखी माणसाला ‘थांब, मदत कर, नाहीतर दंड भर’ असे सांगणे योग्य की अयोग्य?

या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते. मदत आतून यावी लागते, लादली की ती मदत राहत नाही आणि सरकारने माणुसकीत नाक खुपसू नये. ऐकायला बरे वाटते. सह्याद्रीत दरीत पडलेल्या ट्रेकरला काढायला लोणावळ्याची, खोपोलीची, महाडची मुले मध्यरात्री दोर घेऊन निघतात, त्यांना कुठल्या कलमाने पाठवलेले नसते. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले, तेही आपणहून. पण ही उदाहरणे धावणाऱ्यांची आहेत, आणि प्रश्न न धावणाऱ्यांचा आहे. शिवाय पडलेल्या माणसाला १०८ वर केलेला फोन उमाळ्याने केला की दंडाच्या भीतीने, याने काही फरक पडत नाही. रुग्णवाहिका दोन्ही वेळा तेवढ्याच वेगाने येते.

आणि सक्ती आपल्याला अगदीच परकी आहे, असेही नाही. पोलिसांना झडतीसाठी पंच हवे असतात तेव्हा टपरीवर चहा पिणाऱ्यालाही बोलावले जाते. लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरतो. पळणाऱ्या आरोपीला धरायला पोलिसाने वाजवी मदत मागितली तर ती देणे नागरिकाला बंधनकारक आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली पुरात, दरड कोसळल्यावर बचावकार्यासाठी खासगी वाहने आणि यंत्रसामग्री ताब्यात घेता येते. आदेश धुडकावला तर एक वर्षापर्यंत आणि त्यामुळे जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा आपल्या अखत्यारीत घेतल्या, दर बांधून दिले. रुग्णालयांनी कुरकुर केली, पण ‘हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे’ म्हणून लोक रस्त्यावर उतरल्याचे काही आठवत नाही. समुद्रात तर हा नियम शंभर वर्षांहून जुना आहे. बुडणाऱ्याला वाचवणे जहाजाच्या कप्तानावर बंधनकारक, फक्त स्वतःचे जहाज आणि माणसे धोक्यात घालून नव्हे.

हा शेवटचा अपवाद महत्त्वाचा. १९७८ मध्ये पिट्सबर्गच्या न्यायालयात एका मरणासन्न रुग्णाने आपल्या चुलतभावाविरुद्ध अर्ज केला. भावाची अस्थिमज्जा जुळत होती, पण तो द्यायला तयार नव्हता. न्यायाधीशांनी त्याचा नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय म्हटला आणि तरीही सक्ती करायला नकार दिला. रुग्ण पुढच्या काही दिवसांत गेला. निकाल कठोर वाटतो, पण बरोबर होता. एकदा शरीरातून काही काढून घेण्याची मुभा सरकारला दिली की ती कुठे थांबणार? धोक्याचेही तसेच. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीच्या अंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना दोन तरुणांनी अडवले आणि ते भोसकले गेले. भोवती माणसे होती, पुढे कुणी आले नाही. संताप येतो. पण सुऱ्यासमोर उभे न राहिल्याबद्दल कुणाला तुरुंगात टाकणारा कायदा करावा असे म्हणवत नाही. फोन का केला नाही, आरडाओरडा का केला नाही, एवढे मात्र विचारता येईल. जर्मन कायदाही स्वतःला मोठा धोका नसेल तेवढीच मदत मागतो.

म्हणजे शरीर आणि जीव सोडून वेळ, गाडी, फोन, चार पैसे एवढ्याची सक्ती चुकीची नाही. इथवर बहुतेकांचे एकमत व्हावे. खरी गडबड याच्या पुढे आहे, आणि ती समजायला अपघातस्थळी थोडे थांबावे लागते.

दुचाकी घसरली आहे, माणूस बेशुद्ध आहे, डोक्यातून रक्त येते आहे. गर्दीतले दोघे-तिघे रस्त्याच्या मध्ये येऊन हात पसरतात. कार वेग वाढवून निघून जातात, थांबते ती रिक्षा. थांबते म्हणजे तिला थांबवतात. आत बसलेल्या प्रवाशाला ‘काका, उतरा जरा’ म्हणून उतरवले जाते, जखमीला मागच्या सीटवर आडवे केले जाते, एक जण त्याचे डोके मांडीवर घेतो, पाय बाहेर लोंबकळत राहतात. रिक्षावाल्याला कुणी विचारत नाही. मीटर पडलेले नसते. कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत तो उभा राहतो, मग गाडी लावायची जागा नाही म्हणून रखवालदार त्याच्यावरच ओरडतो. सीटचा रेक्झिन पुसता येतो, पण रक्त शिवणीतून खालच्या फोममध्ये उतरते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वास मारू लागते. प्रवासी बसत नाहीत. कव्हर आणि फोम बदलायचा खर्च त्याचाच. रिक्षा भाड्याची असेल तर मालकाला दिवसाचे पैसे द्यायचे ते वेगळेच. तेवढ्यात हवालदार विचारतो, ‘तूच उडवलंस ना?’

गर्दीने त्याला अडवले हे चुकले का? अजिबात नाही. पण त्या दुपारी सगळ्यांच्या वतीने एकट्याने किंमत मोजली, आणि ती त्याला परत द्यायला कुणीही बांधील नाही.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. २०१३ च्या सेव्हलाइफ फाउंडेशनच्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले होते. त्यांतल्या ८८ टक्क्यांचे कारण पोलिसी चौकशा आणि कोर्टाच्या खेपा हे होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. ते निष्ठुरपणातून आलेले नाही, अनुभवातून आले आहे. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आले, २०२० मध्ये नियम झाले. आता पोलीस मदतकर्त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. साक्ष द्यायची की नाही, हे तोच ठरवतो. २०२१ मध्ये पाच हजारांचे बक्षीस जाहीर झाले, २०२५ मध्ये ‘राह-वीर’ या नावाने ते पंचवीस हजारांवर गेले.

मात्र १३४-अ ची व्याख्या नीट वाचावी. मदतकर्ता कोण? जो सद्भावनेने, स्वेच्छेने आणि बक्षिसाची किंवा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करतो तो. जमावाने अडवलेला रिक्षावाला स्वेच्छेने आला होता का? आणि जाता जाता त्याने ‘भाड्याचं काय?’ असे विचारले, तर तो मदतकर्ता उरतो का? कुणी इतका कीस काढून कायदा वाचणार नाही, असे म्हणायचे असेल तर नवी मुंबईचे प्रकरण पाहावे.

मार्च २०२० च्या अखेरीस नवी मुंबई महापालिकेने खासगी डॉक्टरांना नोटिसा दिल्या: दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. नोटीस मिळालेल्या एका आयुर्वेदिक डॉक्टरांचा जूनमध्ये करोनाने मृत्यू झाला. केंद्राच्या योजनेत करोनाकाळात सेवा देणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा होता. त्यांच्या पत्नीने अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण असे, की कोविड रुग्णांच्या सेवेसाठी त्यांना रीतसर पाचारण केलेले नव्हते, नुसता दवाखाना उघडा ठेवायला सांगितले होते. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला: त्या काळातले कायदे, नियम आणि आदेश एकत्र पाहता डॉक्टरांच्या सेवा सरकारने मागून घेतल्याच होत्या. अर्थात, प्रत्येक दावेदाराने मृत्यू कोविडचे काम करतानाच ओढवल्याचा पुरावा द्यायचा आहे.

साडेपाच वर्षे गेली. दवाखाना उघडायला लावताना सरकारचा आवाज स्पष्ट होता. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तेच सरकार म्हणाले, आम्ही तुम्हाला बोलावलेच कुठे होते? आणीबाणीत परक्या माणसाला जुंपण्यात अन्याय असेल तर तो इथे आहे.

एसेनच्या दंडाची बातमी जगभर गेली. त्या कायद्याची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. अपघातात मदतीला धावणारा माणूस जर्मनीत त्या क्षणापासून सरकारी अपघात विम्याखाली येतो. त्याने आधी हप्ता भरलेला नसतो, अर्ज केलेला नसतो. मदत करताना हात मोडला तर उपचार मिळतात, कपडे फाटले किंवा वस्तू फुटली तर तीही भरून मिळते. वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो, त्यामुळे ‘मला काही कळत नव्हतं’ ही सबबही फारशी चालत नाही. एवढे दिल्यावर मग ते दंड मागतात. आपल्याकडे नुसता दंड आणला तर माणसे अपघात दिसला की आधीच्याच चौकातून वळतील.

आपल्या कायद्यांतही याचे बीज आहे. आपत्ती कायद्याने ताब्यात घेतलेल्या वाहनाला त्या भागातल्या चालू भाड्याच्या दराने मोबदला द्यावा लागतो. जिल्हाधिकाऱ्याने मागितलेल्या वाहनाला भाडे आहे, चौकातल्या चार माणसांनी मागितलेल्या रिक्षाला नाही. काम दोघांचे एकच.

‘राह-वीर’चे पंचवीस हजार चांगलेच आहेत, पण गंभीर जखमी, पहिल्या तासात रुग्णालय आणि मग जिल्हा समितीची छाननी अशा वाटेने ते मोजक्यांपर्यंत पोहोचतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात पंधरा हजारांवर. जखमी याहून कितीतरी अधिक. एवढ्यांना कुणीतरी उचलून नेतेच. नेणाऱ्यांपैकी एकाचा सत्कार करून बाकीच्यांना हात हलवत परत पाठवण्यापेक्षा कॅज्युअल्टीच्या खिडकीवर प्रत्येकाला मीटरचे भाडे आणि सीट धुण्या-बदलण्याची ठरीव रक्कम तिथल्या तिथे द्यावी. नाव विचारू नये, वाहन क्रमांक पुरे. खोटे दावे येतील, ही भीती खरी आहे. पण जखमी समोर स्ट्रेचरवर असतो आणि दारात कॅमेरा असतो. पाचशे-हजारांसाठी कुणी माणूस जखमी करून आणणार नाही. त्याच खिडकीवर मदत करताना इजा झालेल्याचा विमा नोंदवता यावा, म्हणजे पुढे साडेपाच वर्षे कोर्टात जाणार नाहीत.

ही खिडकी वर्षभर सुरळीत चालली, की मग संसदेने कलम आणावे. फोनही न करता निघून जाणाऱ्याला किरकोळ दंड. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९६८ पासून असा कायदा आहे, त्याचा दंड जास्तीत जास्त शंभर डॉलर. तुरुंग नको. त्या वेळी रिक्षा संघटनांचा विरोध झाला तर त्यांच्यापुढे निदान वर्षभराच्या पावत्या ठेवता येतील.